पाठकांचा निरोप

ही हकीकत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. थांबा, हे वाक्य अचूक नाही. मी ती सभागृहांत सांगितली आहे, ध्वनिक्षेपकावरून, हशा आणि टाळ्या घेत, किती वेळा ते आता आठवत नाही. जशी घडली तशी मात्र कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या पत्नीलाही नाही. तिला ती माझ्या व्याख्यानातली गोष्ट म्हणूनच ठाऊक आहे, आणि ती तिला आवडते.

तुम्ही एखादा कारखाना चालवत असाल किंवा सहकारी संस्थेचे संचालक असाल, तर कदाचित तुम्ही मला ऐकलं असेल. मी मूळचा वार्ताहर. नगरच्या एका दैनिकात उमेदवारी केली. तिथं सुरुवातीलाच बजावलं गेलं की बातमीत ‘मी’ नसतो. काय घडलं, कुठं, केव्हा, कुणी केलं – बस. पुढं वर्तमानपत्र सुटलं, आणि हाती घेतलेलं काम वेळेवर कसं पुरं करावं हे उद्योजकांना सांगणं हाच माझा व्यवसाय झाला.

माझे नियम साधे आहेत. पाहुणा ठरवून मग तारीख ठरवू नका. काम मोजा, तारीख त्यातून निघेल. बैठकीत ‘कुठवर आलं?’ असं विचारू नका, ‘काय अडलंय?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे ‘होऊन जाईल’ म्हणतात, आणि ‘होऊन जाईल’ म्हणजे काम कुठं आहे हे कुणालाच माहीत नसतं. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला आधी बसायला खुर्ची द्या. अधूनमधून कामावर एकटे जा, बरोबर कुणाला घेऊ नका.

हे सगळं खरं आहे. यातला एक शब्दही मी आज बदलणार नाही. पण हे मला कुठून कळलं? श्रोत्यांनी हे कधी विचारलं नाही. विचारायची वेळच मी येऊ देत नसे. नियम संपले की लगेच गोष्ट सुरू करायचो.

गोष्ट अशी. कर्जत तालुक्यात एक सहकारी तेल गिरणी उभी राहत होती. इंजिनियर हुशार होता. इंजिनाखालचा पाया कच्चा राहिला आहे हे त्याला माहीत होतं. पण तो गप्प बसला. उद्घाटनाच्या दिवशी पाया फुटला. चेअरमननं विचारलं, ‘तोंडात काय मिठाची गुळणी धरली हुती?’ इथं हशा. मग मी आवाज खाली आणायचो. इंजिनियर म्हणाला, ‘मी स्वतः तुमच्याशी बोलायला हवं होतं.’ मित्रहो, हे वाक्य तुमच्या कचेरीतल्या प्रत्येक माणसाला पाठ करायला लावा. इथं टाळ्या.

गिरणी खरी होती. पायाही खरा होता. आणि ते वाक्य त्यानं उच्चारलं होतं, अगदी याच शब्दांत. मग खोटं काय होतं?

बाहत्तरच्या दुष्काळातला उन्हाळा होता. गिरणीचे चेअरमन होते नाना. जमीन पुष्कळ, शिक्षण चौथीपर्यंत, पण तालुक्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे. मी दैनिकाचा वार्ताहर होतो आणि त्याच वेळी नानांचा पत्रव्यवहार, भाषणं, प्रसिद्धी पाहायचो. हे दोन्ही एकाच माणसानं करू नये हे आज कुणीही सांगेल. तेव्हा कुणी सांगितलं नाही. नाना जीप स्वतः चालवायचे आणि मी शेजारी बसायचो. त्या शेजारच्या जागेला किंमत होती. नानांना कुणी तोंडावर नाही म्हणत नसे. अडचण असली की लोक मला गाठायचे – जरा नानांच्या कानावर घाला. मग मी वेळ बघून, त्यांचा मूड बघून, गोष्ट कानावर घालायचो. बदल्या, भांडणं, सोयरिकी, अडलेली बिलं, सगळं माझ्या तोंडून जायचं. तालुक्याचा निम्मा कारभार असाच चालत होता. ही पद्धत वाईट आहे असं मी नंतर व्याख्यानांतून सांगू लागलो. त्या वेळी ती मला फार आवडत होती.

गिरणी अक्षय्य तृतीयेला सुरू करायची असं ठरलं होतं. आमच्याकडं तिला आखिती म्हणतात. साडेतीन मुहूर्तांतला एक, त्यामुळं पंचांग काढायला नको आणि कुणाला हरकत घ्यायलाही जागा नको. शिवाय घाई रास्त होती. रान करपलं होतं, जनावरांना खायला नव्हतं. बाहेरच्या जिल्ह्यांतून शेंगदाणा आणि करडई आणून घाणे चालवले तर तेल नंतर बघता येईल, निदान पेंड तरी हाताशी येईल, असा नानांचा हिशोब होता. मुंबईहून एका मंत्र्यांचा होकार आला. तारखेची बातमी मीच छापली.

इंजिनियरचं नाव पाठक. तिशीच्या आतले, सांगलीकडचे, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडं बघणारे. ही त्यांची पहिली जबाबदारीची नोकरी होती, आणि तीही हंगामी. गिरणी चालू झाली की कायम करायचं, असं ठरलं होतं. कर्जतमध्ये त्यांनी एक घर बघून ठेवलं होतं. बायको माहेरी होती. “कायम झालो की बिऱ्हाड आणतो,” असं ते घरमालकाला सांगून आले होते. मी बरोबर होतो म्हणून मला माहीत आहे.

मोठ्या इंजिनासाठी काँक्रीटचा ओटा घातला गेला. काँक्रीटला नंतर बरेच दिवस पाणी मारावं लागतं, ओली पोती टाकून ते भिजत ठेवावं लागतं. नाहीतर ते वाळतं, पण घट्ट होत नाही. त्यासाठी एक टँकर ठरला होता. ओटा घातला त्याच आठवड्यात जवळच्या एका वस्तीवरची विहीर आटली, आणि नानांनी टँकर वस्तीवर पाठवला. याला कोण चूक म्हणेल? मी बातमी छापली होती – चेअरमनांचं औदार्य. ओटा मात्र चैत्राच्या उन्हात कोरडा पडून राहिला.

आखितीच्या थोडे दिवस आधी शेवटची बैठक झाली. संचालक ओळीनं बसले होते. नानांनी विचारलं, कुठवर आलं? शेड – होऊन जाईल. घाणे – होऊन जाईल. मांडव – झालाच. पाठकांकडं पाहिलं तेव्हा ते म्हणाले, “ओट्याचं जरा बघावं लागेल.” यावर रामभाऊ नावाचे संचालक म्हणाले, “मुहूर्त हाय म्हनल्यावर बघायचं काय त्यात? आखितीला दगूड सुदिक फिरंल.” सगळे हसले. पाठकही थोडे हसले. ठराव सर्वानुमते. आमच्याकडं ठराव नेहमीच सर्वानुमते व्हायचे.

बैठक उठल्यावर पाठकांनी मला ओट्यापाशी नेलं. म्हणाले, बोट फिरवा. मी फिरवलं. वाळू निघाली. पिठासारखी, बोटाला चिकटणारी.

“हा फोडून परत घालायला हवा,” ते म्हणाले. “इंजिन याच्यावर चालणार नाही. चाललं तर थोडा वेळ. बोल्ट उपटून येतील.”

मी विचारलं, बैठकीत का नाही सांगितलंत?

“कसं सांगू? वस्तीवर बाया हंडे घेऊन उभ्या आहेत आणि इंजिनियर सिमेंटला पाणी मागतोय, असंच दिसलं असतं. आणि तो टँकर नानांनी स्वतः पाठवलाय. सगळ्यांपुढं त्यांना चुकलात म्हणू? मला पाणी नकोच आता, उशीर झालाय. फक्त तारीख पुढं ढकला. तुम्ही नानांच्या कानावर घाला. तुमचं ऐकतात ते.”

घालतो, म्हणालो.

म्हणजे पाठक गप्प बसले नव्हते. ते बोलले होते. वेळेत, स्पष्ट, कारणासह – आणि तिथल्या रीतीप्रमाणं ज्याला सांगायचं त्यालाच. मी ते नानांना सांगितलं नाही.

इथं थांबता आलं असतं. मनात मी पुष्कळदा इथंच थांबलो आहे. राहून गेलं, विसरलो, वेळ मिळाला नाही. पण ‘सांगितलं नाही’ हेही अचूक नाही. मला विचारलं गेलं होतं.

त्याच संध्याकाळी जीपमधून नानांच्या घराकडं निघालो. ऊन उतरलं होतं. नाना खुशीत होते. गुरांच्या छावणीतल्या त्यांच्या एका खोंडाची हकीकत सांगत होते. त्यानं शेजारच्याच्या दावणीतली वैरण खाल्ली आणि वर त्यालाच शिंग मारलं. “पत्रकार, छापा पेपरात. म्हनावं, चेअरमनचा खोंड बी चेअरमनच हाय.” मी हसलो. मनापासून हसलो. मग ते म्हणाले, “काय म्हनतोय आपला इंजिनेर? आखितीला इंजान फिरतंय न्हवं?”

मी म्हणालो, “होऊन जाईल म्हणतात.”

हे माझे शब्द. मला ते कुणी शिकवले नव्हते, माझ्यावर कुणी दबाव आणला नव्हता. नाना म्हणाले, “ब्येस झालं,” आणि गिअर बदलला.

का म्हणालो? याचं मला अजून कुतूहल आहे. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी शोध घेतला असता, म्हणून स्वतःबद्दलही घेऊन पाहिला. तारखेची बातमी मी छापली होती – पण तारखा बदलतात, दुरुस्ती छापता येते. नानांची भीती? नाना माझ्यावर कधी ओरडले नव्हते. उलट मी सांगितलं असतं तर त्यांनी दोन शिव्या हासडून तारीख बदलली असती, असं मला आज वाटतं. पाठकांशी वैर? मुळीच नव्हतं. मग उरतं काय? उरतं ते इतकं लहान आहे की लिहायला संकोच वाटतो. नाना त्या क्षणी खूश होते, आणि त्यांच्या शेजारी मी बसलो होतो. मला ती पाच-दहा मैलांची खुशी मोडायची नव्हती. एवढ्यासाठी माणूस एवढं करतो? मला माहीत नाही. शोधात दुसरं काही सापडलं नाही, एवढंच सांगता येतं.

आणि दुसऱ्या दिवशीही सांगता आलं असतंच. दुसऱ्या दिवशी पाठक भेटले. मांडवाचे बांबू उतरत होते. त्यांनी लांबूनच विचारलं, “घातलंत का?” मी मान हलवली. होकारार्थी होती की नुसती हलवली? तुम्ही तिथं असतात तर होकारच समजला असतात. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बांबूंकडं बघितलं आणि ते शेडमध्ये गेले. तारीख बदलत नाही याचा अर्थ त्यांनी आपल्यापुरता लावला असणार.

आखितीला सगळं रीतसर झालं. पूजा, हार, भाषण. भाषण मी लिहिलेलं. इंजिन चालू झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवाज आधी एकसारखा होता, मग त्यात एक आपटल्यासारखा ठोका यायला लागला. पाठक मंत्र्यांच्या मागं उभे होते ते धावत पुढं गेले. तेवढ्यात एक बोल्ट काँक्रीटच्या ढेपेसकट वर आला, इंजिन तिरकं झालं, आणि चामड्याचा पट्टा सुटून शेडच्या खांबावर बसला. खांब वाकला. कुणाला लागलं नाही. खांबाच्या पलीकडं खुर्च्या होत्या.

पाहुणे गेल्यावर नाना ओट्यापाशी आले. वाकून ढेप उचलली, हातात चुरडली. लोक भोवती उभे होते. मीही होतो.

“पाठक, येवढं कच्चं हुतं तर तोंडात काय मिठाची गुळणी धरली हुती?”

पाठकांनी माझ्याकडं पाहिलं. नेहमी खांद्याकडं बघणारा माणूस, त्या वेळी डोळ्यांत पाहिलं. मी खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहायला लागलो. वार्ताहरानं वही काढली की लोक त्याला वगळतात, तो घटनेबाहेर जातो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग ते नानांना म्हणाले, “मी स्वतः तुमच्याशी बोलायला हवं होतं.”

नाना म्हणाले, “व्हय. ते तर हायेच.” आणि ढेप टाकून निघून गेले.

पाठकांना कमी करण्यात आलं, सर्वानुमते. कर्जतचं घर घेतलं गेलं नाही. पेंड त्या उन्हाळ्यात निघाली नाही. माझी बातमी चार ओळींची होती. पायाच्या कामाबाबत संबंधितांना वेळीच कल्पना देण्यात आली नव्हती असे समजते, अशी. त्यात खोटा शब्द नव्हता. कल्पना कुणी दिली नव्हती, एवढंच त्यात नव्हतं. पाठक पुढची नोकरी मागायला गेले तेव्हा कुणीतरी ते कात्रण त्यांच्यापुढं ठेवलं असेल का? तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही. नंतर पडला, तेव्हा मी तो तसाच ठेवला.

बरीच वर्षं गेली. व्याख्यानं सुरू झाली. पाया फुटल्याची गोष्ट त्यांत कधी शिरली ते आठवत नाही. पहिल्यांदा सांगितली तेव्हा सभागृह हललं, म्हणून पुढच्या वेळीही सांगितली. नाव मी घेत नसे. आपण कुणाचं नाव घेत नाही म्हणजे आपण सभ्य आहोत, असं मला वाटत होतं.

एकदा नागापूरला, औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकांपुढं व्याख्यान होतं. गोष्ट मध्यावर आली असताना मला पाठक दिसले. केस पिकलेले, चष्मा, पण तेच. मागं एका बाजूला बसले होते. मी थांबू शकलो असतो. गोष्ट वळवू शकलो असतो. बोलायची सवय असलेल्या माणसाला ते जड नसतं. मी पुढं गेलो. मिठाची गुळणी आली, हशा आला. त्यांचं ते वाक्य मी त्यांच्यासमोर म्हटलं, आवाज खाली आणून. टाळ्या आल्या. त्यांनीही वाजवल्या का, ते मी पाहिलं नाही.

चहाच्या वेळी ते आले. त्यांचं नागापुरात लहानसं वर्कशॉप होतं, दोन-तीन लेथ, सुटे भाग बनवायचे. मुलगा हाताशी आला होता. त्यांनी सगळं सहज सांगितलं.

“छान रंगवता तुम्ही,” ते म्हणाले. “नाना गेले ना हो?”

गेले, म्हणालो. दोन वर्षं झाली असतील.

“मला एकच विचारायचं होतं. राग नाही आता, नुसतं कुतूहल. एवढी वर्षं कळलं नाही. तुम्ही नानांच्या कानावर घातलं होतं, आणि त्यांनी ऐकलं नाही? की राहून गेलं होतं?”

त्यांच्या हातात बशी होती. बाजूला कुणी नव्हतं. माझं काहीच जाणार नव्हतं; ना नोकरी, ना पैसा. आणि विचारणारा माणूस उत्तर काहीही आलं तरी चहा संपवूनच जाणार होता, हे मला दिसत होतं.

मी म्हणालो, “घातलं होतं.”

त्यांनी मान डोलावली. “वाटलंच मला. तेव्हा सगळ्यांसमोर तेच तोंडावर आलं होतं – नाना, तुम्हाला सांगितलं होतं, असं. म्हटलं नको. एवढ्या लोकांत एवढ्या मोठ्या माणसाला खोटं पाडायचं? टँकर त्यांनी वस्तीला दिला होता हो. म्हणून गिळलं.” मग ते हसले. “म्हणजे बरोबरच केलं म्हणायचं.”

“बरोबरच केलंत,” मी म्हणालो.

त्यांनी मला वर्कशॉप बघायला यायचं निमंत्रण दिलं. मी गेलो नाही.

नानांनी ते ऐकलं नव्हतं, कारण त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. पाठकांनी ज्यांच्यासाठी नोकरी आणि नाव गमावलं, त्यांना वाचवायची गरजच नव्हती. हे त्यांना सांगू शकणारा एकच माणूस त्या दिवशी त्यांच्यासमोर चहा पीत उभा होता.

पुढच्या व्याख्यानापासून मी गोष्ट बदलली. आता इंजिनियर गप्प बसत नाही. तो वेळेवर, स्पष्ट सांगतो. चेअरमन ऐकत नाही. श्रोत्यांना ही जास्त पटते. साहेब कसे असतात ते प्रत्येकानं पाहिलेलं असतं. मी ती अजून सांगतो. गेल्या महिन्यातही सांगितली. त्या गोष्टीत पूर्वीही माणसं दोनच होती, आणि आजही दोनच आहेत: इंजिनियर आणि चेअरमन.